उजव्या बाजूचं दार

आमचं गॅरेज गाडी ठेवण्यासाठी आहे असा माझा अडतीस वर्षं गैरसमज होता. गेल्या ऑक्टोबरात अर्विडने तो दूर केला. माझी गाडी बाहेर, आकाशाखाली. आणि आत तिच्या जागी एक लोखंडी सांगाडा, दोन चाकं आणि प्लायवूडचे सात तक्ते. तेव्हापासून रोज सकाळी शून्याखाली वीस अंशांत मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचे आणि आत माझा नवरा सुखाने शीळ घालायचा.

अर्विडने एकतीस वर्षं काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा, बर्फ हटवायचा ट्रक चालवला. निवृत्त झाला तेव्हा त्याला एक केक मिळाला, त्यातला अर्धा आमच्या शेजारच्या गॉर्डीने खाल्ला. उरलेल्या आयुष्याचं काय करायचं याचा विचार अर्विडने म्हणे महिनाभर केला आणि ठरवलं की आपण एक पेटी बांधायची. चार फूट रुंद, आठ फूट लांब, पुढून गोल, मागे निमुळती. गाडीच्या मागे अडकवायची, जंगलात न्यायची आणि आत आडवं व्हायचं. बाजूने बघितली तर आसवाच्या थेंबासारखी दिसते, म्हणून लोक तिला त्याच नावाने ओळखतात. नाव कुठल्यातरी बायकोनेच ठेवलेलं असणार.

या पेटीत स्वयंपाकघरही असतं. कुठे? तर मागच्या झाकणाखाली. म्हणजे झाकण उघडायचं आणि बाहेर उभं राहून, पावसात, डासांत, अंडी तळायची. घरात ओटा आहे, पंखा आहे, गरम पाणी आहे. पण नाही, अंड्याची खरी चव म्हणे गाडीच्या पाठीमागेच.

इंटरनेटवर अशा पेट्या बांधणाऱ्यांचा एक अड्डा आहे. तिथे जगभरचे अर्विड जमतात. एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो "मागचं झाकण गळतं का?" असा. बायकामुलं बरी आहेत का, हा प्रश्न मी तिथे कधी वाचला नाही. त्यांच्यातल्याच कोणी त्याला सांगितलं की पेटीवर पत्रा कशाला, कॅनव्हासचं कापड गोंदात भिजवून चिकटव आणि वरून घराचा उरलेला रंग लाव. आमच्याकडे न्हाणीघराचा फिकट हिरवा उरला होता. झालं, ठरलं.

आणि तो गोंद! गोंदाला म्हणे थंडी सोसत नाही. गारठला तर नीट धरत नाही. म्हणून गॅरेजमध्ये रात्रंदिवस शेगडी. घरात मी स्वेटरवर स्वेटर घालून बसलेली, कारण घरातली उष्णता दोन अंशांनी वाढवली की अर्विड भिंतीवरचं बटण गुपचूप खाली करतो. आणि तिकडे गोंद उबेत झोपलेला. पुढच्या जन्मी मला गोंदच कर रे देवा, असं मी एकदा जेवणाआधीच्या प्रार्थनेत मोठ्याने म्हटलं. अर्विड म्हणाला, "आमेन," आणि बटाटे घेतले.

पेटीच्या बाजूची गोलाई आखायला त्याने एक लवचिक पट्टी घेतली. ती वाकवायची, लांब जाऊन बघायची, पुन्हा वाकवायची. तीन आठवडे. माझ्याशी लग्न करायचं हे त्याने एका दुपारात ठरवलं होतं, तेही मासे पकडता पकडता.

गॉर्डी रोज यायचा. हात खिशात घालून उभा राहायचा आणि सल्ले द्यायचा. उंटावरचा शहाणा! स्वतःच्या घराची पायरी सहा वर्षं मोडलेली.

"काय मग, कसं वाटतंय?" अर्विड विचारायचा.

"वाईट नाही," गॉर्डी म्हणायचा.

आमच्या मिनेसोटात, अमेरिकेच्या या गोठलेल्या टोकाला, याहून मोठी स्तुती नाही. मला पहिलं मूल झालं तेव्हा सासूबाईंनी पाळण्यात वाकून हेच म्हटलं होतं.

आता एवढं वाचून तुम्हाला वाटेल की या बाईला त्या पेटीचा मनापासून तिटकारा होता. अर्विडलाही तसंच वाटावं अशी माझी व्यवस्था होती. खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती मी माझ्या बहिणीलासुद्धा सांगितली नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात इतका बर्फ पडला की काउंटीचा फोन रोज पहाटे अडीचला वाजायचा. माझी झोप मोडू नये म्हणून अर्विड आमच्या मुलाच्या रिकाम्या खोलीत झोपायला गेला. शिवाय तो घोरतो. हंगामापुरता, असं ठरलं होतं. हंगाम संपला, बर्फ वितळला, तो तिथेच राहिला. "परत ये" असं मी म्हणाले नाही, "परत येऊ का" असं त्याने विचारलं नाही. आधी कोण बोलणार? पुढचे दहा हिवाळे आले नि गेले. गेल्या वर्षी निवृत्त झाला, फोन वाजायचा बंद झाला, तरी रात्री साडेनऊला तो "बरं, झोपतो" म्हणून त्या खोलीत जातो आणि मी या खोलीत येते.

आणि ही पेटी चार फूट रुंद होती. चार फुटांत दोघं म्हणजे एकाला कुशीवर वळायचं असेल तर दोघांनी मिळून वळावं लागतं. हे माप मी ज्या दिवशी त्याच्या कागदावर बघितलं, त्या दिवशी गाडीची काच खरवडताना मला थंडी वाजली नाही. मनात म्हटलं, बांध बाबा, लवकर बांध.

तर आता विचारण्याकडे येऊ. आमच्याकडे कोणी पाहुणा आला की कॉफी हवी का, असं तीनदा विचारतात. पहिल्यांदा म्हणायचं, "छे छे, त्रास नको." दुसऱ्यांदा म्हणायचं, "खरंच नको, आत्ताच झाली." तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, "बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप." मग तीन कप प्यायचे. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा माणूस एक तर लहान मूल असतो किंवा शिकागोचा. अर्विडची इंगेबोर्ग मावशी तर दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात नर्सबाईला पाण्यासाठीसुद्धा दोनदा नाही म्हणायची. नर्सबाई बाहेरच्या होत्या, त्यांना वाटायचं म्हातारीला तहानच नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची कला आम्ही इतकी वाढवलीय की ताक नासतं, पण भांडं काही बाहेर निघत नाही.

नोव्हेंबरात, मी भांडी पुसत असताना, अर्विड म्हणाला, "मे महिन्यात मोठ्या सरोवराच्या काठाने वर जाईन म्हणतो. तुला काही यायचं नसेल ना?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण मी रीत सोडली नाही. "छे छे," म्हणाले, "मी कशाला मधे मधे. तुला अडचण."

एक झालं.

डिसेंबरात चर्चच्या तळघरात लूटफिस्कचं जेवण होतं. हा मासा वाळवतात, मग क्षारात भिजवतात, मग उकडून त्याचा थरथरता गोळा करतात, आणि मग तो आपल्याला आवडतो असं सगळे मिळून एकमेकांना सांगतात. पेटीबद्दल सगळे अर्विडची खेचत होते. तेव्हा हातात ताट घेऊन तो मोठ्याने म्हणाला, "काय लव्होन, येशील का त्यात झोपायला?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "त्यापेक्षा मी इथेच टेबलाखाली झोपेन." तळघर हसून हसून लोळलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

जानेवारीत मी गॅरेजमध्ये कॉफी घेऊन गेले, तेव्हा हाताचा गोंद पुसत त्याने विचारलं, "म्हणजे तुला नक्की नाहीच यायचं?"

"नाही नाही," मी म्हणाले, "तू जा निवांत."

दोन झाले. आता तिसऱ्याची वाट बघायची, बस. घरात येऊन मी गोधडी शिवायला घेतली. बरोबर चार फूट रुंद. चर्चच्या विक्रीसाठी आहे, असं अर्विडला सांगितलं. "अरुंद आहे," तो म्हणाला. "बारीक माणसासाठी आहे," मी म्हणाले. फेब्रुवारी गेला. मी सकाळ-संध्याकाळ कॉफी घेऊन गॅरेजमध्ये जाऊन उभी राहायचे, त्याला विचारायला सोपं जावं म्हणून. तो मला बिजागऱ्यांबद्दल सांगायचा.

मार्चमध्ये ऊन पडलं, छपरावरून पाणी ठिबकायला लागलं. अर्विडने पेटी ढकलत बाहेर अंगणात आणली आणि स्वतः कसल्याशा कड्या आणायला दुकानात गेला. इतके महिने तिची उजवी बाजू भिंतीकडे होती, मधे जेमतेम अर्विड मावेल एवढी फट, त्यामुळे मी ती कधी बघितलीच नव्हती, आणि आत डोकाव असंही मला कोणी म्हटलं नव्हतं. डाव्या बाजूला दार होतं, गोल कोपऱ्यांचं, छोट्या खिडकीचं, खरं सांगायचं तर देखणं. मी पलीकडे गेले, माझं दार बघायला.

तिथे दार नव्हतं. फिकट हिरवी गुळगुळीत भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी डाव्या दाराने डोकं आत घातलं. उजव्या बाजूला, जिथे माझं डोकं यायचं तिथपासून जिथे माझे पाय यायचे तिथपर्यंत, एक कपाट होतं. गळ टांगायला खुंट्या, कंदिलाला कोनाडा, टिनच्या डब्यांना फळी. सगळं इतकं नीटनेटकं की डोळ्यांत पाणी आलं, आणि कौतुकाने नाही. उरलेल्या बिछान्याची रुंदी मी वितीने मोजली. तीन विती आणि वर चार बोटं. एक अर्विड, कुशीवर.

मी आत जाऊन बहिणीला फोन लावला. आर्डिस चार मैलांवर राहते आणि तिला सगळं आधीच माहीत असतं.

"त्याने दोनदाच विचारलं!" मी म्हणाले.

"नीट मोजलंस का?"

"अगं, पाच महिने मी दुसरं करतेय काय?"

"मग चर्चमधलं?"

"ते काय विचारणं होतं?"

"मी तिथेच बटाटे वाढत होते, लव्होन. तो म्हणाला येशील का. तू म्हणालीस टेबलाखाली झोपेन. मला वाटतं, त्याने ते धरलंय."

मी खुर्चीवर बसले.

"आता तूच सांग त्याला," आर्डिस म्हणाली.

"काय सांगू?"

"की तुला जायचंय."

"असं? सरळ?"

यावर आर्डिसच घाबरून म्हणाली, "नको गं, तसं नको. तू असं कर, त्याला बटाट्याची हॉटडिश भाजून घाल. कळेल त्याला."

हॉटडिशमध्ये, म्हणजे बटाटे, खिमा आणि सूपच्या त्या भाजलेल्या काल्यात, असं काय घातलं म्हणजे नवऱ्याला कळतं की अकरा वर्षं झाली, आता पुरे, हे तिने सांगितलं नाही. मी कोट चढवला आणि अंगणात जाऊन उभी राहिले. अर्विडची गाडी आली. तो कड्यांची पिशवी घेऊन उतरला आणि मला बघून थबकला, कारण मी हातात कॉफी न घेता उभी होते.

"एकच दार?" मी म्हणाले.

"हं. दार कमी म्हणजे गळायची जागा कमी."

"आणि पलीकडे कोणी असलं तर त्याने काय करायचं?"

"पलीकडे कपाट आहे."

"ते दिसलं मला. कपाटाला बरी जागा मिळाली. ऐसपैस."

अर्विडने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "लव्होन, तू तीनदा नाही म्हणालीस."

"दोनदा!"

"नोव्हेंबरात. जानेवारीत. आणि मधे लूटफिस्कच्या दिवशी."

"ती थट्टा होती!"

"कोणी केली?"

"तू!"

"मी थट्टा करत नाही," अर्विड म्हणाला. आणि हे खरं होतं. अडतीस वर्षांत त्याने एकदाही थट्टा केलेली मला आठवत नाही. हसलाय, पण तेही चौकशी करून.

"मग चार लोकांत कशाला विचारायचं असं?"

त्याने खाली बर्फाच्या चिखलाकडे बघितलं. "मला वाटलं, लोकांसमोर तू नाही म्हणणार नाहीस."

रस्त्यापलीकडे गॉर्डी फावडं टेकून उभा होता, हलायचं नाव नाही. आणि मी समोरच्या माणसाचा चेहरा बघत होते, आणि मला दिसत होतं की टेबलाखाली झोपण्याची ती माझी कोटी घेऊन हा माणूस त्या दिवशी घरी आला असेल, साडेनऊला "बरं, झोपतो" म्हणाला असेल, आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेला असेल. तरीही जानेवारीत त्याने आणखी एकदा विचारलं होतं. मोजणीत मीच कच्ची होते.

"मला यायचंय," मी म्हणाले.

असं, सरळ. कोणी न विचारता. तोंडातून बाहेर पडल्यावर मला भर अंगणात कोट काढून उभं राहिल्यासारखं वाटलं. पलीकडे गॉर्डीने फावडं उचललं आणि कधी नव्हे तो आपणहून घरात निघून गेला.

अर्विडने कड्यांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "मी घोरतो."

"माहितेय. मधे एकच भिंत आहे."

"तुला झोप लागायची नाही."

"तू घोरायचा थांबलास की मला जाग येते," मी म्हणाले. एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. "मग पुन्हा सुरू होईपर्यंत मी छताकडे बघत पडते. अकरा वर्षं हेच चाललंय. भिंतीला कान लावून नवऱ्याचा श्वास मोजणारी बाई कुठे बघितलीस का? बघ, इथे उभी आहे."

तो गॅरेजमध्ये गेला. मला वाटलं, संपलं, भलतंच बोलून बसले. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कटावणी होती.

कपाट स्क्रूंवर नव्हतं, गोंदाने चिकटवलेलं होतं. अर्विडचं काम, एकदा चिकटलं की चिकटलं. त्याने कटावणी घातली आणि जोर लावला तसा प्लायवूड फाटत गेला, कडाकड, लांब लांब सालपटं निघाली. एरवी लाकडाला नखाचा ओरखडा गेला तर दोन दिवस न जेवणारा माणूस, पण त्याने त्या फाटलेल्या लाकडाकडे बघितलंसुद्धा नाही. मी खालून फळ्या धरल्या. गळ, कंदील, डबे, सगळं चिखलात.

कपाट निघालं आणि त्यामागची उजवी भिंत दिसली. तिच्यावर सुताराच्या चपट्या पेन्सिलीने एक दार काढलेलं होतं. गोल कोपऱ्यांचं, डाव्यासारखंच. खिडकीची जागा आखलेली. फक्त कडीची खूण वर नव्हती, चांगली वीतभर खाली होती, आणि शेजारी त्याच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं: लव्होन. कडी खाली घेणे. खांदा.

माझा उजवा खांदा दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फावर पडले तेव्हापासून वर जात नाही. मी हे अर्विडला कधीच सांगितलं नव्हतं. वरच्या फळीवरचे डबे मी तो घरात नसताना खुर्ची घेऊन काढते.

"हे कधी काढलंस?" मी विचारलं.

"ऑक्टोबरात."

"आणि मग?"

"मग आत पडून बघायचो, नीट मावतं का म्हणून," तो म्हणाला. "ती बाजू रिकामी दिसायची. मग कपाट केलं."

मी गोधडी आणली. "बारीक माणसाची," अर्विड म्हणाला. ती त्याच्या आयुष्यातली पहिली थट्टा असावी; मी खात्री करून घेतली नाही. आम्ही आत शिरलो, आधी मी, मग तो, भर दुपारी दोन वाजता, बूट दाराबाहेर काढून. चार फूट म्हणजे खरोखर चार फूटच असतात. त्याचं कोपर माझ्या बरगड्यांत आणि माझं नाक पेन्सिलीच्या रेघेपासून दोन बोटांवर. सगळीकडे गोंदाचा वास.

"उद्या कापतो दार," तो म्हणाला.

"सावकाश कर," मी म्हणाले.

पाच मिनिटांत तो घोरायला लागला. भिंत मधे नसताना तो आवाज फारच मोठा असतो, हे मी विसरून गेले होते. मला इतका आनंद झाला होता की माझी मलाच लाज वाटली. साठी उलटलेली बाई, अंगणात, लाकडाच्या पेटीत. माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला. घरात हॉटडिश करायची राहिली होती आणि आर्डिसचा फोन दोनदा वाजून बंद झालेला ऐकू आला. बाहेर पडायचं तर त्याला ओलांडून जावं लागलं असतं. मी काही उठले नाही.